कोलंबिया विद्यापीठात नव्याने जाताय? आधी रस्त्यांचे आकडे पाठ करा

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचा मुख्य परिसर मॅनहॅटन बेटाच्या वरच्या अंगाला, ११४व्या आणि १२०व्या रस्त्यांच्या मध्ये आहे. एका बाजूला ब्रॉडवे, दुसऱ्या बाजूला ॲमस्टरडॅम ॲव्हेन्यू. पुणे विद्यापीठाचं आवार ४११ एकरांचं, आणि हे जेमतेम ३६ एकरांचं. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला चालत जायला दहा मिनिटंही लागत नाहीत. फाटकाबाहेर पाऊल टाकलं की थेट शहर: बस, भाजीवाला, रुग्णवाहिकेचा भोंगा, उंदीर. त्यामुळे इथे नव्याने येणाऱ्याला दोन गोष्टी एकदम शिकाव्या लागतात, विद्यापीठ आणि शहर. विद्यापीठाचं ओरिएंटेशन पहिलीपुरतं बऱ्यापैकी असतं. दुसरीचं कुणी शिकवत नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात. १७५४ मध्ये इंग्लंडच्या राजाच्या सनदेने हे 'किंग्ज कॉलेज' सुरू झालं. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर राजाचं नाव ठेवणं शक्यच नव्हतं, म्हणून १७८४ मध्ये 'कोलंबिया' झालं. शहराच्या दक्षिण टोकापासून सरकत सरकत १८९७ मध्ये ते आताच्या मॉर्निंगसाइड हाइट्सवर आलं. त्याआधी या टेकाडावर ब्लूमिंगडेलचं मनोरुग्णालय होतं. त्यातली एक विटांची इमारत, आताचा ब्यूएल हॉल, अजून उभी आहे. परीक्षेच्या आठवड्यात जुने विद्यार्थी नव्यांना ही माहिती आवर्जून देतात.

पायरी पहिली: विमानात बसण्याआधी

प्रवेश पक्का झाला की विद्यापीठ तुम्हाला 'यूएनआय' देतं. आद्याक्षरं आणि पुढे काही आकडे, असा हा तुमचा आयुष्यभराचा लॉगिन. ईमेल, फी, कोर्सची नोंदणी, ग्रंथालय, सगळं यालाच जोडलेलं असतं. तो लगेच सुरू करा, कारण घराचा अर्जसुद्धा त्याशिवाय भरता येत नाही.

आय-२० (व्हिसासाठी विद्यापीठाने दिलेला प्रवेशाचा कागद), सेव्हिसची (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची) फी, व्हिसाची मुलाखत या गोष्टी तुम्हाला कोणताही सल्लागार सांगेल. सहसा राहून जातात त्या लशी. न्यूयॉर्क राज्याच्या कायद्यानुसार विद्यार्थ्याला गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या लशीचा लेखी पुरावा द्यावा लागतो. गोवराचे दोन डोस लागतात. आपल्याकडे अनेकांना लहानपणी फक्त गोवराची लस मिळालेली असते आणि ते कार्ड माळ्यावर कुठेतरी हरवलेलं असतं. डॉक्टरांकडून एमएमआरचे, म्हणजे या तिन्हींवरच्या एकत्रित लशीचे, दोन डोस नव्याने घ्या. दोन्हींत किमान २८ दिवसांचं अंतर लागतं, त्यामुळे जुलैच्या शेवटच्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. दाखला इंग्रजीत, तारखांसह, सही-शिक्क्याचा घ्या. हा कागद विद्यापीठाच्या आरोग्य विभागाकडे पोहोचला नाही तर कोर्सची नोंदणी अडते.

एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर पहिल्यांदा येणाऱ्याला आय-२० वरच्या तारखेच्या ३० दिवस आधीपर्यंतच अमेरिकेत शिरता येतं. स्वस्त तिकीट दिसलं म्हणून त्याआधीचं काढू नका.

बॅगेत काय न्यावं यावर प्रत्येक आईचं स्वतंत्र मत असतं, त्यात मी पडत नाही. एवढंच सांगतो की प्रेशर कुकर आणि घरचा गोडा मसाला न्या. थंडीचा जाड कोट नेऊ नका. आपल्याकडे मिळणारे कोट मनालीच्या सहलीपुरते असतात. फेब्रुवारीत हडसन नदीवरून येणारा वारा ब्रॉडवेच्या चौकात गाठतो तेव्हा ते कामाचे नाहीत. कोट तिथेच घ्या.

पायरी दुसरी: डोक्यावर छप्पर

सगळ्यात कठीण पायरी हीच, त्यामुळे इथे जरा सविस्तर.

पहिला प्रयत्न विद्यापीठाच्या स्वतःच्या घरांसाठी करा. आजूबाजूच्या रस्त्यांवरच्या कितीतरी जुन्या इमारती कोलंबियाच्या मालकीच्या आहेत आणि त्यांतल्या खोल्या मास्टर्स-पीएचडीच्या विद्यार्थ्यांना भाड्याने दिल्या जातात. मागणी जास्त असते, म्हणून अर्जाच्या मुदतीच्या पहिल्याच दिवशी भरा. मिळालं तर डोळे झाकून घ्या. खोली लहान असेल, खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसेल, तरी घ्या. भाड्याचा करार सरळ असतो आणि वर्गापर्यंत पायी जाता येतं.

दुसरा पर्याय म्हणजे रिव्हरसाइड ड्राइव्हवरचं इंटरनॅशनल हाउस. ते १९२४ पासून आहे. ते कोलंबियाचं नाही, स्वतंत्र संस्था आहे. खोल्या छोट्या, पण जेवणाची मोठी खोली एकत्र, आणि शेजारी जगभरातली मुलं. एकटं पडण्याची भीती वाटत असेल त्याने आधी इथे अर्ज करावा.

तिसरा पर्याय बाजारातलं घर. न्यूयॉर्कचे घरमालक साधारणपणे महिन्याच्या भाड्याच्या चाळीसपट वार्षिक उत्पन्न मागतात. तुमचं उत्पन्न शून्य. मग जामीनदार लागतो, त्याचं उत्पन्न ऐंशीपट आणि तो बहुधा अमेरिकेतलाच हवा. काका न्यू जर्सीतल्या एडिसनला असले तरी एवढं मागायला जीव धजत नाही. पैसे घेऊन जामीन राहणाऱ्या कंपन्या असतात, बहुतेक विद्यार्थी तोच मार्ग धरतात. नाहीतर आधीच करार केलेल्या कुणाच्या घरात एक खोली घेतात. डिपॉझिट एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही, हा २०१९ पासून राज्याचा कायदा आहे. जून २०२५ पासून शहराचा आणखी एक कायदा लागू झाला: दलालाला ज्याने नेमलं त्यानेच त्याची फी द्यायची. म्हणजे घरमालकाच्या दलालाने तुमच्याकडे महिन्या-दीड महिन्याचं भाडं फी म्हणून मागितलं तर थेट नाही म्हणा. घर कुणीतरी प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पैसे पाठवू नका. फोटो कुणाचेही उचलता येतात.

परिसर कसा निवडायचा? ११०व्या रस्त्याच्या वर, ब्रॉडवेच्या आसपास सोयीचं आणि महाग. त्याच्या खाली मॅनहॅटन व्हॅली. उत्तरेला १३५ ते १४५ च्या दरम्यान हॅमिल्टन हाइट्स, भाडं कमी, शिवाय सबवेच्या, म्हणजे शहराच्या भुयारी रेल्वेच्या, एक नंबरच्या गाडीने थोडीच स्थानकं. माझ्या मते नव्या विद्यार्थ्याने आधी हाच भाग पाहावा. आपली बरीच मुलं हडसनपलीकडे, न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीला राहतात कारण तिथे मराठी-गुजराती-तेलुगू सगळं मिळतं. पण तिथून येताना नदीखालून येणारी पाथ रेल्वे आणि वर सबवे, दोन्हींचं भाडं आणि वेळ धरा. रात्री ग्रंथालयातून अकराला निघाल्यावर नदीपलीकडे जाणं जिवावर येतं.

घरातली एक गोष्ट: १ ऑक्टोबर ते ३१ मे या काळात घर गरम ठेवणं मालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. बाहेर ५५ अंश फॅरनहाइटच्या खाली गेलं तर दिवसा आत किमान ६८ हवं. जुन्या इमारतींत उलटंच होतं. वाफेचा रेडिएटर इतका तापतो की जानेवारीत खिडकी उघडून झोपावं लागतं. तो नळासारखा बंद करायला जाऊ नका, पाणी गळतं. इमारतीच्या 'सुपर'ला, म्हणजे देखभाल करणाऱ्या माणसाला सांगा. त्याच्याशी पहिल्या दिवसापासून नीट बोलत जा.

पायरी तिसरी: आकड्यांची ओळख

मॅनहॅटनच्या या भागात आडवे रस्ते आकड्यांचे. उत्तरेकडे जाल तसा आकडा वाढतो. उभ्या ॲव्हेन्यूंची नावं: नदीकडून पूर्वेला रिव्हरसाइड, ब्रॉडवे, ॲमस्टरडॅम, मॉर्निंगसाइड. ही चार नावं क्रमाने आली की परिसरात हरवायची सोय उरत नाही.

जेएफके विमानतळावरून येताना सामान कमी असेल तर एअरट्रेनने जमैका, तिथून 'ई' गाडीने बेचाळिसावा रस्ता, आतल्या बोगद्याने चालत टाइम्स स्क्वेअर, आणि मग उत्तरेकडे जाणारी '१' गाडी. उतरायचं '११६वा रस्ता, कोलंबिया विद्यापीठ' या स्थानकावर. दोन मोठ्या बॅगा असतील तर हा पराक्रम करू नका, पायऱ्या फार आहेत. पिवळ्या टॅक्सीला जेएफकेहून मॅनहॅटनसाठी ७० डॉलरचं ठरलेलं भाडं आहे, वर टोल, अधिभार आणि टिप. दोघांत वाटून घेतलं तर परवडतं. नेवार्कला उतरलात तर न्यू जर्सी ट्रान्झिटच्या रेल्वेने पेन स्टेशन आणि तिथूनच '१'. अमेरिकेतल्या दुसऱ्या शहरातून लाग्वार्डियाला आलात तर 'एम ६०' बस थेट कोलंबियाच्या दारात सोडते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. टाइम्स स्क्वेअरला '१' च्या शेजारीच '२' आणि '३' या लाल रंगाच्याच जलद गाड्या येतात. त्यांनाही '११६वा रस्ता' नावाचं स्थानक आहे. पण ते हार्लेममध्ये, लेनॉक्स ॲव्हेन्यूवर. नकाशात रस्ता तोच दिसतो. मधे मॉर्निंगसाइड पार्क आहे, म्हणजे खडकाचा एक उभा कडा आणि त्यावरच्या शंभरभर पायऱ्या. दरवर्षी नवी मुलं बॅगांसकट तिथे उतरतात. '२' किंवा '३' मध्ये बसलात तरी हरकत नाही, फक्त ९६व्या रस्त्यावर उतरून समोरच्या '१' मध्ये बदला. दिवसा हा बाग छान आहे, धबधबा आणि तळंसुद्धा आहे. अंधार पडल्यावर मात्र तो ओलांडू नका. रात्री परत यायला विद्यापीठाची मोफत गाडी ॲपवरून बोलावता येते, ती वापरायला लाजू नका.

सबवेला आता वेगळा पास काढावा लागत नाही. बँकेचं कार्ड किंवा फोन दारावर टेकवायचा. दर वेळी एकच कार्ड वापरा, कारण सात दिवसांत ठरावीक रक्कम झाली की पुढचे प्रवास फुकट होतात, आणि ते मोजलं जातं त्या एका कार्डावर.

पायरी चौथी: पहिला आठवडा

ओळखपत्र आधी. एप्रिल २०२४ मधल्या विद्यार्थी आंदोलनांनंतर कोलंबियाने फाटकं सर्वांसाठी खुली ठेवणं बंद केलं. पूर्वी ११६व्या रस्त्याचा आतला तुकडा, कॉलेज वॉक, कुणीही ओलांडत असे. आता दारावर कार्ड दाखवावं लागतं. आई-बाबा किंवा मित्र भेटायला येणार असतील तर पाहुण्यांची नोंद आधी करावी लागते का, ते त्या आठवड्यात तपासा. नियम वरचेवर बदलतात.

मग आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांची कचेरी. आल्याची नोंद तिथे करणं सक्तीचं आहे. ती झाली नाही तर व्हिसाचं स्टेटस धोक्यात येतं. आणि व्हिसाच्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर शोधू नका. तिथे आत्मविश्वास भरपूर असतो, माहिती तेवढी नसते. फोन आणि बँक ही दोन कामं एका दुपारची. सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे पगारासाठी लागणारा सरकारी क्रमांक, नोकरी मिळाल्यावरच काढता येतो, त्यासाठी आधी खेटे घालू नका.

परिसरात फिरताना एक गंमत लक्षात ठेवा. पायऱ्यांच्या वर घुमट असलेली, सगळ्या छायाचित्रांत दिसणारी इमारत म्हणजे लो लायब्ररी. तिथे ग्रंथालय नाही. १९३४ पासून नाही. तिथे कुलगुरूंची आणि प्रशासनाची कार्यालयं आहेत. खरं ग्रंथालय तिच्या समोरचं, बटलर. त्याच्या कपाळावर होमर, प्लेटो, सिसेरो, व्हर्जिल अशी नावं कोरलेली आहेत, आणि कोर्स शोधायच्या प्रणालीचं नावही व्हर्जिलच. लोच्या पायऱ्यांवर ऊन पडलं की सगळं विद्यापीठ तिथे पसरतं. पायऱ्यांच्या मधोमध बसलेली कांस्यमूर्ती म्हणजे १९०३ मधली आल्मा मातेर. तिच्या झग्याच्या घडीत एक घुबड लपलंय, ते शोधा. कुठे आहे ते सांगत नाही.

पायरी पाचवी: कोर्स निवडणं, आणि स्वतःचा विभाग ओलांडणं

कोलंबिया हे एक विद्यापीठ असलं तरी चालतं वेगवेगळ्या 'स्कूल'च्या भरवशावर. इंजिनिअरिंग, कायदा, पत्रकारिता, आर्किटेक्चर, आंतरराष्ट्रीय घडामोडी, व्यवस्थापन. प्रत्येकाची फी वेगळी, नियम वेगळे, नोकरीसाठी मदत करणारं कार्यालयही वेगळं. व्यवस्थापनाचं स्कूल तर २०२२ मध्ये १२५व्या रस्त्याजवळच्या नव्या मॅनहॅटनव्हिल परिसरात गेलं, आणि वैद्यकीय परिसर आहे १६८व्या रस्त्यावर. ब्रॉडवेपलीकडचं बर्नार्ड आणि १२०व्या रस्त्यावरचं टीचर्स कॉलेज कायद्याने स्वतंत्र संस्था आहेत. परिणाम असा की इंजिनिअरिंगचा मुलगा मड या आपल्याच स्कूलच्या इमारतीत शिरतो, तिथल्याच आपल्या चार मित्रांबरोबर खोली घेतो आणि दीड वर्षाने पदवी घेऊन बाहेर पडतो. एवढी फी भरून हा सगळ्यात वाईट सौदा.

इथे बाबासाहेबांचं उदाहरण केवळ अभिमानासाठी देत नाही. बडोदा संस्थानची तीन वर्षांची, दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन ते जुलै १९१३ मध्ये इथे आले. आधी हार्टली हॉलमध्ये उतरले, तिथलं जेवण मानवेना म्हणून ११४व्या रस्त्यावरच्या कॉस्मोपॉलिटन क्लबात गेले, मग लिव्हिंगस्टन हॉलमध्ये मित्र नवल भथेनांबरोबर राहिले. पहिल्या काही आठवड्यांत घर बदलावं लागलं म्हणून खचू नये, एवढं यातून घेता येईल. पण खरी गोष्ट कोर्सची. त्यांचा विषय अर्थशास्त्र, मार्गदर्शक सेलिगमन. अर्थशास्त्राचे २९ कोर्स त्यांनी केलेच. शिवाय इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि वर फ्रेंच व जर्मनचा एकेक. तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांच्या वर्गांना ते बसले, ते वर्ग तत्त्वज्ञान विभागातले. आणि जातीच्या उगमाबद्दलचा त्यांचा गाजलेला निबंध मे १९१६ मध्ये वाचला गेला तो अर्थशास्त्राच्या वर्गात नव्हे, गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये. दुसऱ्याच्या विभागात जाऊन बसल्याशिवाय तो निबंध तिथे वाचला गेला नसता.

आज ६० कोर्स कुणाच्या खिशाला परवडणार नाहीत. दर सत्राला तीन-चार होतात. त्यांतला निदान एक बाहेरचा घ्या. त्यासाठी 'क्रॉस-रजिस्ट्रेशन' करावं लागतं. प्रत्येक स्कूलच्या तारखा वेगळ्या, काही वर्ग आपल्या मुलांना आधी जागा देतात. सत्राचे पहिले दोन आठवडे कोर्स बदलायला मुभा असते. त्या काळात नोंदणी न करताही वर्गात जाऊन बसा, शिक्षकांना ईमेल करून विचारा. वेटलिस्टवर असाल तरी हजर राहा, गळती भरपूर होते. क्रेडिटला इथे 'पॉइंट' म्हणतात. एफ-१ वाल्यांना पूर्ण वेळ विद्यार्थी राहावंच लागतं, त्यामुळे कोर्स सोडण्याआधी आंतरराष्ट्रीय कचेरीला विचारा. शिक्षकांबद्दल जुन्या विद्यार्थ्यांनी लिहिलेलं 'कल्पा' नावाच्या संकेतस्थळावर सापडतं. तिथला राग थोडा चाळून वाचा.

शिक्षकांना 'सर' म्हणायची पद्धत नाही. 'प्रोफेसर' आणि पुढे आडनाव. ते स्वतः पहिलं नाव घ्या म्हणाले तर घ्या. ऑफिस अवर्स म्हणजे तक्रारीची वेळ नव्हे. आठवड्यातले ते दोन तास विद्यार्थ्यांशी बोलण्यासाठीच ठेवलेले असतात. आपल्याकडची हुशार मुलं तिथे जात नाहीत, शंका आहे म्हणजे अभ्यास कच्चा असं वाटून. शिफारसपत्र मागायची वेळ येते तेव्हा प्राध्यापकाला चेहरा आठवत नाही.

ग्रंथालयं

बटलर सत्राच्या काळात रात्रभर उघडं असतं आणि परीक्षेच्या दिवसांत तिथे खुर्ची मिळत नाही. तेव्हा ११८व्या रस्त्यावरच्या इंटरनॅशनल अफेअर्स इमारतीतलं लेहमन ग्रंथालय धरा. बाबासाहेबांचा अर्धपुतळाही तिथेच आहे. ॲव्हरी हे स्थापत्यशास्त्राचं ग्रंथालय बसायला सुंदर. मराठी पुस्तकंही मिळतात, पण कॅटलॉगमध्ये देवनागरीत शोधून हाती लागत नसेल तर रोमन लिपीत शोधा. इथे नसलेलं पुस्तक दुसऱ्या मोठ्या विद्यापीठांकडून काही दिवसांत मागवता येतं, फुकट.

पोटोबा आणि रविवार

किराण्यासाठी '१' ने टाइम्स स्क्वेअर, तिथून '७' ने जॅक्सन हाइट्स. ७४व्या रस्त्यावर पटेल ब्रदर्स आहे: पोहे, साबुदाणा, कढीपत्ता, हिंग. लेक्सिंग्टन ॲव्हेन्यूवर २८व्या रस्त्याजवळचं कलुस्त्यान जवळ पडतं, पण तिथल्या किमती वाचून भूक जाते. '७' ने तसंच शेवटपर्यंत गेलात तर फ्लशिंगचं गणपती मंदिर, १९७७ मधलं, दक्षिणी पद्धतीचं. तळघरातल्या कँटीनमधला डोसा हा अनेक मराठी मुलांच्या भक्तीचा खरा आधार. गणेशोत्सव आणि दिवाळीसाठी महाराष्ट्र मंडळ न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीचं मराठी विश्व आहेतच.

विद्यापीठाजवळ ॲमस्टरडॅम ॲव्हेन्यूवर हंगेरियन पेस्ट्री शॉप आहे, १९६१ पासूनचं. तिथे वायफाय नाही. एका कॉफीवर तासन्‌तास वाचत बसलेल्या माणसाला कुणी उठवत नाही. समोरचं सेंट जॉन द डिव्हाइन कॅथेड्रल १८९२ पासून बांधलं जातंय आणि अजून अपुरं आहे. प्रबंध लिहिणाऱ्यांना ते पाहून बरं वाटतं.

मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये न्यूयॉर्कच्या विद्यार्थ्यांना मनाला येईल तेवढं तिकीट देता येतं. ऑक्टोबरात एखाद्या शनिवारी '१' ने २१५व्या रस्त्यापर्यंत जाऊन विद्यापीठाची अमेरिकन फुटबॉलची मॅच पाहा. नियम कळले नाहीत तरी चालतं. हा संघ १९८० च्या दशकात सलग ४४ सामने हरला होता. २०२४ मध्ये १९६१ नंतर प्रथमच त्याने आयव्ही लीगचं, म्हणजे आठ जुन्या विद्यापीठांच्या स्पर्धेचं, विजेतेपद, तेही वाटून, मिळवलं.

शेवटची पायरी: नोकरी आणि तारखा

सत्र चालू असताना आवारातच, आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं. ग्रंथालय, प्रयोगशाळा, शिक्षकांना सहाय्य. बाहेर कुणी रोखीने काम देऊ केलं तरी घेऊ नका. परत पाठवलं जाण्याचा धोका त्या पैशांत भरून निघत नाही. बाहेरची इंटर्नशिप करायची तर आधी सीपीटीची, म्हणजे शिकत असतानाच्या कामाची परवानगी, आणि तारीख लागण्यापूर्वी एक दिवसही काम नाही. पदवीनंतर ओपीटीचे, म्हणजे आपल्या विषयात काम करण्याच्या परवानगीचे, १२ महिने मिळतात, आणि विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताच्या यादीतली पदवी असेल तर आणखी २४. तुमच्या आय-२० वरचा विषयाचा कोड त्या यादीत आहे का ते पहिल्याच सत्रात पाहा. ओपीटीचा अर्ज अभ्यासक्रम संपण्याच्या ९० दिवस आधीपासून करता येतो. मे मध्ये संपणार असेल तर फेब्रुवारीतच नवीन आय-२० मागून ठेवा, आणि पासपोर्टची मुदत तेव्हाच बघा.